ढोलाला लागलेला पाय

भिवंडीत ढोल-ताशांची दुरुस्ती करणारं एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. फुटका ताशा, पखवाजाचं रिकामं खोड, कुणा भजनी मंडळाची ढोलकी आणि मोहरमचा नगारा एकाच रांगेत टांगलेले दिसले की दुकान आलं असं समजायचं. आत चाचा बसलेले असतात. त्यांचं वय त्यांनाही नक्की सांगता येत नाही. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, त्यावरून काय ते ओळखावं. आमचं ढोल-ताशा पथक उभं राहिलं ते या दुकानाच्या भरवशावर आणि जपानला जाऊन आलं तेही. परत आल्यावर देणगीदारांची नावं फलकावर लागली, सत्कार झाले. चाचांना शाल द्यायला गेलो तर म्हणाले, "गर्मी में शाल का क्या करूं?" शाल परत आली, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझे वडील पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे माग बंद असा कधी नाहीच. चालत्या शेडमधून जाता जाता कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय ते वडील नुसत्या आवाजावरून सांगायचे. घरीही त्यांचा आवाज चढलेलाच असायचा. पुढे मी पथकात गेले, ताशाच पाहिजे म्हणून हटून बसले, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आवाजातच वाढलीय, दुसरं काय करणार!"

सुरुवातीला पुण्याच्या पथकांचे व्हिडिओ बघून आम्ही हात बसवले. ढोल जमले, ताशा जमेना. तर्री सलग निघायची नाही, मधेच काडी अडकायची. एकदा फाटलेलं पान बदलायला चाचांकडे गेले होते. नवं पान लागल्यावर मी तिथेच दोन फटके मारून बघितले. चाचांनी माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या आणि बसल्या बसल्या अशी तर्री काढली की समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. तरुणपणी ते वरातीत आणि मोहरमला ताशा वाजवायचे. "कलाई से बजा, कंधे से नहीं," हा पहिला धडा. दुसरा धडा कित्येक दिवस आलाच नाही. रोज संध्याकाळी जायचं, उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर काड्या चालवायच्या, आणि चाचा आपले मान खाली घालून पान शिवत बसायचे. चुकलं की मान वर यायची. फी विचारली तेव्हा चहा आणायला पिटाळलं.

मिरवणूक हा शब्द भिवंडीत सहज उच्चारला जायचा नाही, असा एक काळ होता. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. १९८४ च्या मेमध्ये पुन्हा. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्हीकडची माणसं आणि पोलीस एका सतरंजीवर बसून गल्लीतल्या कुरबुरी गल्लीतच मिटवू लागले. १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, त्याचं श्रेय या समित्यांना देतात. चाचा अशाच एका समितीवर होते. त्यांच्या रस्त्यावर वाजंत्री कुठे थांबवायची आणि पुन्हा कुठे सुरू करायची याच्या खुणा त्यांनी आणि गणेश मंडळाच्या लोकांनी मिळून विजेच्या खांबांवरून ठरवल्या होत्या. आम्ही अजून त्याच खांबांवरून थांबतो आणि सुरू होतो, कुणी सांगावं लागत नाही.

जपानचं खूळ पथकात आणलं ते झांज वाजवणाऱ्या एका मुलाने. घर कामतघरचं, बौद्ध. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन येताना तो वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात डोकावला आणि तिथला पंख्याच्या आकाराचा, हातात धरून वाजवायचा ढोल ऐकून आला. हे मंदिर निप्पोनझान म्योहोजी पंथाचं. पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि ढोलाच्या तालावर म्हणायचा त्यांचा मंत्र गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेत आला. म्हणजे जपानी ढोल महाराष्ट्रात वाजायला लागून नव्वदेक वर्षं झाली, आणि आम्ही तो यूट्यूबवर शोधत होतो! या मुलाची मावसबहीण टोकियोत निशी-कसाईला राहते. तो भाग एदोगावा वॉर्डात येतो. भारतीयांची वस्ती मोठी. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. या मावसबहिणीला आम्हीही ताईच म्हणायचो. ताईने तिथल्या एका हौशी ताइको, म्हणजे जपानी ढोलांच्या, पथकाशी बोलून ठेवलं: राहायची सोय घराघरांत, तालमीला त्यांचा हॉल, बदल्यात आम्ही त्यांना ढोल-ताशा शिकवायचा.

पैशांचं लांबण लावत नाही. सुताचा एक व्यापारी, दोन गणेश मंडळांनी आगाऊ दिलेली सुपारीची रक्कम आणि पोरापोरींनी मोडलेल्या ठेवी यांतून तिकिटं निघाली. अडलं ते ढोलांवर. आख्खा ढोल विमानाच्या सामानात बसेना. चाचा म्हणाले, खोलून न्या: पिंप वेगळं, पानं वेगळी, कडी-रस्सी वेगळी, तिकडे गेल्यावर पुन्हा चढवा. आता आमच्यातल्या कुणीही आयुष्यात पान चढवलेलं नव्हतं. ढोल चाचांकडून यायचा, आम्ही वाजवायचो, फाटला की चाचांकडे जायचा. मग त्यांच्या दुकानात शिकवणी लागली. पान किती वेळ भिजवायचं, कड्यावर कसं दुमडायचं, रस्सी एका बाजूने न ओढता समोरासमोर कशी ओढत जायची, हे सगळं. पावसात सैल पडत नाही म्हणून आम्ही एरवी प्लास्टिकचं पान वापरतो, हल्ली बहुतेक पथकं तेच वापरतात. जपानसाठी मात्र चाचांनी बकरीच्या चामड्याचीच पानं काढली. "उनके सामने प्लास्टिक मत बजाना," म्हणाले. त्याचे पैसे त्यांनी वहीत लिहून ठेवले.

टोकियोत पहिल्याच दिवशी ताई आसाकुसाला घेऊन गेली. सेन्सोजी देवळातली गर्दी, मियामोतो उनोसुके यांचं १८६१ पासूनचं ढोल आणि पालख्यांचं दुकान, हे सगळे बघतात तसं आम्हीही पाहिलं. गणपतीत वाजवणाऱ्यांनी बघण्यासारखी जागा जरा पलीकडे आहे, सुमिदा नदीच्या बाजूला. मात्सुचियामा शोदेन नावाच्या या देवळात कांगितेन, म्हणजे जपानात पोचलेले आपले गणपती, आहेत. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्याला मोदक नाही, पांढरा मुळा! देवळाबाहेर मुळा विकत घ्यायचा आणि वाहायचा. आमच्या पथकाने मुळे वाहिले आणि बाहेर येऊन हळू आवाजात एक "गणपती बाप्पा" केला. "मोरया" मात्र कुणाला हळू म्हणता आला नाही.

ताइको शिकवणाऱ्या शिक्षिका साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, आम्ही पहिल्या दिवसापासून बाई म्हणायला लागलो. शिकवताना कागद नाही. आधी तोंडाने बोल म्हणायचे, "डोन, डोको, डोन, का-का", ते पक्के झाले की मग हात. इथे आम्हाला काही अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते उभं राहणं. आपला ढोल कमरेला बांधलेला असतो, आपण त्याच्यासकट नाचतो. त्यांचा ढोल घोडीवर पक्का, हलायचं ते वाजवणाऱ्याने: डावा गुडघा वाकवून, उजवा पाय लांब टाकून, हात पार डोक्यावर नेऊन. अर्ध्या तासात आमच्या मांड्या भरून आल्या. बाई मजेत. ढोलाला कुणाचं कातडं, असं कुणीतरी विचारलं. गाईचं, म्हणाल्या. आमच्यातल्या एकीने दांड्या खाली ठेवल्या. बाईंनी कारण विचारलं नाही. जरा वेळाने तिला बोलावून ढोलाच्या लाकडी कडेवर वाजवायचे बोल दिले, ते नुसते "का" "का"वाले. शेवटच्या सादरीकरणात कडेची सगळी बाजू तिनेच सांभाळली. त्या दिवशी शिकवण्यातलं जे मी पाहिलं ते आजवर कुठल्या कार्यशाळेत पाहिलेलं नाही.

ताइकोची परंपरा प्राचीन म्हणून आम्ही भारावलो होतो. बाईंनीच ते उतरवलं. ढोल प्राचीन, पण असा मंचावरचा मेळ १९५१ चा. नागानो प्रांतातल्या ओगुची दाइहाची या जॅझच्या ड्रमवादकाच्या हाती सुवा देवस्थानच्या ढोलाची जुनी लिपी आली. तिच्यातलं वादन त्याने लहानमोठ्या अनेक ढोलांत वाटून दिलं. जगभर नाव झालेलं सादो बेटावरचं 'कोदो' पथक तर १९८१ चं. त्यांच्याकडे उमेदवाराला दोन वर्षं बेटावर राहून धावावं लागतं, शेतात राबावं लागतं, आणि त्याच्या जोडीला ढोल. (तिथे जाणं आमच्या खर्चात बसलं नाही.) आपल्याकडे तरी काय आहे? मुळशी-मावळातल्या गावकऱ्यांचा ढोल ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडसे यांनी शाळेतल्या मुलामुलींच्या हाती दिला, तिथून आजची शहरी पथकं. फेटे आणि नथी घालून आपण जी शेकडो वर्षांची परंपरा मिरवतो, ती फार तर आजोबांच्या वयाची आहे. मला यात कमीपणा काही वाटत नाही, फक्त फलकावर 'शिवकालीन' लिहू नये.

आमचे ढोल जोडायची वेळ आली तेव्हा हॉलमध्ये त्यांचं सगळं पथक गोल करून बसलं. पान भिजवलं, कड्यावर घेतलं, रस्सी ओवली. आता ओढायची तर पिंपाला पाय रोवल्याशिवाय जोर लागत नाही. चाचाही तसंच करतात. आमच्या पोराने पाय लावला, रस्सी ओढली, आणि पाय काढून ढोलाला हात लावून कपाळाला लावला. पुन्हा पाय, पुन्हा ओढ, पुन्हा नमस्कार. बाईंनी ताईला विचारलं, हे काय? ताईने सांगितलं, वाद्याला पाय लागणं आमच्याकडे पाप आहे. "मग तुमच्या गावी हे कोण बांधतं?" आम्ही चाचांचं सांगितलं. "ते नमस्कार करतात का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. चाचांना कधीच तसं करताना पाहिलं नव्हतं. बाई जरा थांबून म्हणाल्या, "ओसाकाला जाणार आहात ना, तर किल्ला नंतर बघा. आधी नानिवाला जा. मी फोन करते."

वाटेत नागोयाला मी वडिलांसाठी उतरले. टोयोटाचं जुन्या कारखान्यातलं, मागांचं संग्रहालय तिथे आहे. मोटारी करण्याआधी हे घराणं माग करायचं. साकिची तोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग सुताचा धागा तुटला की आपोआप थांबतो आणि धोटा बदलताना थांबत नाही. मी तो चालताना ऐकला आणि फोनवर वडिलांना ऐकवला. ते म्हणाले, "बरा चाललाय. तेल कमी आहे." एवढ्यासाठी केलेली उठाठेव, पण वसूल झाली.

नानिवा ओसाकाच्या दक्षिण बाजूला आहे. आशिहाराबाशी स्टेशनला उतरलं की रस्त्याकडेला ढोलांची शिल्पं दिसतात. बाईंनी सांगितलेली कार्यशाळा तिथेच एका गल्लीत. दारातच ओल्या कातड्याचा वास आला. चाचांच्या दुकानाचाच वास; आमच्यातला एकही जण नाक मुरडून मागे सरला नाही हे मी मुद्दाम पाहिलं. केयाकी नावाच्या झाडाच्या ओंडक्यांची कोरून पोकळ केलेली खोडं आढ्यापर्यंत रचलेली, वर्षानुवर्षं वाळत पडलेली. मधोमध एका मोठ्या ढोलावर कातडं ताणायचं काम चालू होतं. चहूबाजूंनी दोर खाली बांधलेले, दोरांत दांडे पिळलेले, एक तरुण ते दांडे पिळत होता. म्हाताऱ्या कारागिराने कातड्यावर हात फिरवला, ठोकून ऐकलं, मान हलवली. मग चपला काढल्या, स्टुलावर पाय ठेवला आणि सरळ ढोलावर चढला. दोन्ही पायांनी. कातड्यावर उभा राहून तो टाचांवर जोर देत गोल फिरत तुडवायला लागला, कडेने मधे, मधून कडेला. कातडं त्याच्या वजनाने दबत होतं आणि वर येत होतं. उतरला, पुन्हा ठोकलं, आवाज चढला होता. पुन्हा पिळ, पुन्हा चढणं. आमच्या मुलांचे हात आपोआप छातीपाशी गेले होते, ते तसेच राहिले. शेवटी मनासारखा आवाज आल्यावर कडेने लोखंडी खिळे ठोकायला घेतले, एकेका खिळ्यागणिक कान लावून.

मग चहा आला आणि म्हातारबाबा बोलायला लागले. नानिवाची ही वस्ती चामड्याचं काम करणाऱ्यांची. मेलेल्या जनावराला हात लावणारे म्हणून यांना अपवित्र ठरवलेलं, वस्ती वेगळी, लग्नव्यवहार बंद. १८७१ च्या फर्मानाने कागदावरचा भेद गेला, माणसांच्या मनातला गेला नाही. १९२२ च्या मार्चमध्ये या समाजाने क्योतोत सुइहेइशा ही आपली संघटना स्थापन केली. पाच वर्षांनी, मार्चमध्येच, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आमच्या झांजवाल्या मुलाने ताईकरवी त्यांना सांगितलं. बाबांनी सन दोनदा विचारून घेतला. १९७५ मध्ये तर उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला आलेला माणूस कुठला हे बघायला. देवळादेवळांत वाजणारे ढोल इथून जायचे. वाजवणारे मात्र दुसरे. "माझ्या वडिलांनी आयुष्यभर ढोल केले," बाबा म्हणाले, "वाजवला एकही नाही." १९८७ मध्ये वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचं पथक काढलं. त्याचं नाव 'इकारी', म्हणजे संताप. आता ते देशभर वाजवतात.

झांजवाला मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याच्या आजोबांना मराठवाड्यात गावकीत हलगी वाजवावी लागायची, मेलेलं ढोरही ओढावं लागायचं. धम्म घेतल्यावर आजोबांनी हलगी सोडली. मुलगा पथकात जातोय कळल्यावर त्याच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता, ही गोष्ट आम्हाला त्या कार्यशाळेत कळली. इतकी वर्षं एकत्र वाजवून आम्ही कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी त्याला एक मोठी दांडी दिली आणि तयार झालेल्या एका ढोलापुढे उभं केलं. वाजव म्हणाले. तो वाजवायला लागला तेव्हा आम्ही ओळखलं, हा पथकातला कुठलाच हात नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ला बघायला गेलो आणि तो एकटाच नाम्बाहून गाडी धरून कोयासानला गेला. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे.

परतल्यावर आधी दुकान गाठलं. ढोलावर चढलेल्या म्हातारबाबांचा व्हिडिओ चाचांनी फोन डोळ्यांजवळ धरून तीनदा बघितला. पिळलेल्या दांड्यांपाशी थांबवायला लावला. त्यांना ती जोडणी समजून घ्यायची होती. "नमस्कार नहीं करते?" असं आम्ही विचारलं, त्यांच्याबद्दल आणि त्या बाबांबद्दल मिळून. चाचा हसले. "पैर नहीं लगाऊंगा तो आवाज कहां से आएगा?" मग फोन परत देत विचारलं, असा एक ढोल केवढ्याला जातो? आम्ही सांगितलं, मोठा असेल तर लाखांत. ते काही बोलले नाहीत. वही काढली आणि चामड्याच्या पानांचा हिशोब माझ्यापुढे ठेवला. त्याच पानावर आणखी कितीतरी पथकांची नावं होती, काही बाकी दोन-दोन हंगामांची.

धंद्याची रीतच अशी आहे. पथकं आषाढात ढोल दुरुस्तीला टाकतात, भाद्रपदात वाजवतात, सुपारीचे पैसे विसर्जनानंतर येतात आणि चाचांचं देणं सगळ्यांच्या शेवटी. फेटेवाला रोख घेतो, टेम्पोवाला रोख घेतो. चाचांचा मुलगा हे काम शिकला होता. आता मानकोलीच्या एका गोदामात माल चढवतो, कारण तिथे पगार सात तारखेला होतो. बाई, ताई, नानिवाचे बाबा यांचं ऋण फिटणार नाही आणि ते फेडावं असं त्यांनाही वाटत नाही. चाचांचं त्यांच्या वहीत आकड्यांत लिहिलेलं असतं, ते फिटू शकतं. आमच्या पथकाने यंदापासून त्यांचा हिशोब ढोल उचलतानाच पुरा करायचा ठरवलं आहे, आणि प्लास्टिकच्या जोडीला दरवर्षी काही ढोल चामड्याचेच चढवायचे. भिवंडी, कल्याण, ठाण्यात पथक चालवणाऱ्यांनी हे वाचलं तर माझी विनंती एवढीच आहे: यंदा फेट्यांची ऑर्डर देण्याआधी आपल्या पान चढवणाऱ्याकडे जा, वही मागा आणि मागची बाकी देऊन या.